विषय : ‘सोय’ या नावास हरकत नसल्याबाबत

‘सोय’ हा शब्द नेमका कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न मला आयुष्याची पहिली अठ्ठावन्न वर्षं कधी पडला नव्हता. मग पाच आठवडे दुसरा कुठला प्रश्नच पडला नाही. त्या पाच आठवड्यांत माझी भूक, झोप आणि इमारतीतली पत अशा तीन गोष्टी गेल्या. पहिल्या दोन परत आल्या आहेत. तिसरीची मी अजून वाट बघतो आहे.

सगळ्याची सुरुवात पाटीपासून झाली. खरं तर ती माझ्यापासून झाली असं घरात ठरलेलं आहे आणि त्या निकालावर अपील नाही. पण निदान क्रमाने सांगायचं तर आधी पाटी आली.

माझी बायको गेली सव्वीस वर्षं बेडरूमच्या खिडकीशी मशीन मांडून लोकांचे कपडे बसवून देते. ती नवीन कपडे शिवत नाही. शिवलेले, विकत आणलेले, मोठ्या भावाचे धाकट्याला आलेले कपडे ती माणसाच्या मापात आणते. पॅण्ट लांब झाली, चेन अडकली, लग्नातल्या कोटात आता नवरा मावत नाही, असल्या तक्रारी घेऊन इमारतीतली माणसं आमच्या दारात उभी असतात. बहुतेक वेळा आम्ही जेवायला बसलेलो असतो. "वहिनी, तेवढं जरा घाईचं आहे," असं म्हणून पिशवी देतात आणि काम झाल्यावर "तुमची किती सोय आहे हो" असं म्हणून ती घेऊन जातात. शेजारधर्मात याहून जास्त काही द्यायची पद्धत नाही.

मी निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांनी एके सकाळी ती मला म्हणाली, "सव्वीस वर्षं घरात बसून सगळ्यांची सोय केली. आता दुकान टाकून करणार. नाव ‘सोय’." केमिस्टच्या शेजारची, जिन्याखालची पाच बाय आठची जागा तिने भाड्याने घेतलीसुद्धा होती. मला सांगितलं ते करारावर सही झाल्यावर. येत्या एक तारखेला, म्हणजे पाच आठवड्यांनी, दुकान उघडायचं होतं.

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी उठून उगाचच घरभर एक फेरी मारली. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात मी चौतीस वर्षं काढली. आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक आणि गेलेल्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक देणं हे माझं काम. निवृत्तीनंतरच्या तीन महिन्यांत माझ्या हातून एकही कागद गेला नव्हता. स्वयंपाकघरातले डबे मी अक्षरक्रमाने लावून बघितले, पण हिने त्याच दिवशी ते पुन्हा होते तसे लावले आणि मला बाल्कनीत बसायला सांगितलं. आता घरात दुकान येणार, म्हणजे कागद येणार, म्हणजे आपणही आलो, असा माझा सरळ हिशोब होता.

पेंटरने पाटी झकास केली. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत ‘सोय’ आणि खाली बारीक ‘कपडे मापात बसवून मिळतील’. रंग वाळायला पाटी आमच्या मजल्याच्या जिन्यात उभी केली होती. तिथून कलमकाका खाली उतरत होते.

कलमकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पूर्वी विम्याचं काम करायचे. कुठल्याही गोष्टीत कुठलं तरी कलम लागू होतं अशी त्यांची श्रद्धा आहे. कोणी मोठ्याने शिंकलं तरी ते नियम सांगतात. ते पाटीसमोर बराच वेळ थांबले, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "नाव रजिस्टर आहे का?"

मी म्हटलं, साधा शब्द आहे, त्याचं काय रजिस्टर करायचं. त्यावर त्यांनी माझ्याकडे डॉक्टर एक्स-रे बघून बघतात तसं बघितलं. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने म्हणे असाच साधा शब्द दुकानाला लावला होता आणि आता तो दुकानही लावत नाही आणि ओळखही देत नाही. शब्दांना मालक असतात, ट्रेडमार्क असतो, आणि मोठ्या कंपन्या वकिलांची फौज बाळगून असतात. एवढं सांगून त्यांनी शेवटचा घाव घातला. आमच्याच बेडरूममध्ये जे लोखंडी कपाट आहे, ते कुठल्या कंपनीचं आहे ते एकदा बघून या म्हणाले.

मी आत जाऊन बघितलं. कपाटाच्या दारावर वरच्या कोपऱ्यात पितळी पट्टी होती आणि तिच्यावर उठावदार अक्षरांत लिहिलं होतं, ‘सोय’.

लग्नापासून ते कपाट आमच्याकडे आहे. मी रोज त्यातून शर्ट काढतो. पट्टी मला कधी दिसली नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बायकोला हाक मारून दाखवलं, तर ती म्हणाली, "त्याचं दार सव्वीस वर्षांत एकदाही नीट लागलेलं नाही. त्याच्यावरून मी कशाला नाव ठेवीन?" आणि ती रॅकची मापं घ्यायला दुकानात निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

माझ्या दृष्टीने तिथे तो सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मी ट्रेडमार्कच्या साइटवर बसलो. काय सांगू, इतकी सुरेख जागा मी आयुष्यात बघितली नव्हती. जगातला सगळा माल आणि सगळी कामं तिथे पंचेचाळीस वर्गांत लावून ठेवली आहेत. खिळे एका वर्गात, औषधं एका वर्गात, कपाटं एका वर्गात, कपड्यांची कामं भलत्याच वर्गात. मी दुपारचं जेवण विसरलो. त्याशिवाय नेटवर शोधून आणि पायी हिंडून मी शहरातले सगळे ‘सोय’ हुडकून काढले. एक खानावळ निघाली, एक लॉज, एक टेम्पो, एक वह्या-पुस्तकांचं दुकान, असे धरून दहा. अकरावी ती कपाटवाली कंपनी.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो, ती म्हणजे कुठलंही काम करण्याआधी सगळ्या संबंधितांकडून ‘ना हरकत’ मागवावं. आम्ही रस्ता खणण्याआधी मागवायचो. खणून झाल्यावरही मागवायचो. मी ठरवलं की अकराही जणांना पत्र टाकून त्यांची ना हरकत आणायची, फाइल करायची आणि एक तारखेला बायकोच्या हातात ठेवायची. तिच्या चेहऱ्यावर काय भाव येतील याची कल्पना करून मलाच भरून येत होतं.

पत्र लिहायला बसलो आणि हात आपोआप चालू लागला. ते पत्र मला आजही पाठ आहे, कारण नंतर ते मला बऱ्याच जणांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

"विषय : ‘सोय’ या नावाच्या वापराबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण आपल्या व्यवसायास ‘सोय’ हे नाव वापरीत असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. सदर नाव आपण कोणत्या तारखेपासून व कोणत्या कामासाठी वापरीत आहात, याचा लेखी खुलासा पुराव्यासह पंधरा दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल."

याच्यापुढे ‘आमच्या छोट्या दुकानाला आपली हरकत नसल्यास कृपया तसे कळवावे’ असं एक नम्र वाक्य मला घालायचं होतं. पण पान संपलं. दुसरं पान लावलं की पिन मारावी लागते, पिन मारली की सहपत्रांची संख्या लिहावी लागते, आणि मग मूळ मसुद्याचा तोल जातो. म्हणून ते वाक्य राहिलं. मी खाली सही केली आणि सहीखाली शिक्का मारला. हो, मी शिक्का करून घेतला होता. त्यावर ‘सोय – विधी विभाग’ असं होतं. तो विभाग म्हणजे मी, बाल्कनीतली खुर्ची आणि एक स्टूल.

जावक क्रमांक सोय/१ ते सोय/११. सगळी पत्रं रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह टाकली. पोस्टातून बाहेर पडताना मला तीस वर्षांचा असल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. बायको दुकानात रॅक ठोकून घेत होती. दारात साधारण साठीची एक बाई, हातात माझं पत्र. खानावळवाली मावशी ती. आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. सोळा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून खानावळ चालवते म्हणाली, पहिल्या दिवशीचा फोटो पदराखालून काढला, त्यात मागे पाटी दिसत होती. मग हात जोडून म्हणाली, "साहेब, नाव काढायला किती दिवस द्याल?"

इथे मी पाप केलं. मावशी, तुमचा गैरसमज झाला, असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण निवृत्तीनंतर मला पहिल्यांदाच कोणी साहेब म्हटलं होतं. मी चष्मा वर सरकवला आणि म्हणालो, "बघू या, काय करता येतं ते." आणि फोटो आवकेत नोंदवून घेतला.

मग रांग लागली. लॉजवाला बावीस वर्षांच्या रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन आला आणि आधी भांडला, मग चहा प्यायला, मग रडकुंडीला आला. वह्या-पुस्तकंवाल्याने वडिलांच्या हातची पहिली पावती पाठवली. बाकीच्यांचे खुलासे टपालाने आले, तारखांसकट, पुराव्यांसकट. चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही पत्राला मुदतीत एवढी उत्तरं आली नव्हती. उत्साहाच्या भरात मी दुसरी फाइल विकत आणली.

टेम्पोवाल्याने खुलासा पाठवून वर फोनही केला. आवाजावरून साधा माणूस. तो म्हणाला, "साहेब, पुढचं मागचं दोन्हीकडचं नाव मी काळ्या रंगाने पुसलंय. पोरीने शाळेत असताना काढलेली अक्षरं होती ती. पण आता काही लफडं नको, तुम्ही तेवढी कार्यवाही थांबवा." फोन ठेवल्यावर माझा उत्साह जरा कमी झाला. हे आज बायकोला सांगून टाकावं असं मी ठरवलं, आणि कसं सांगावं याचा मसुदा करायला बसलो.

मसुदा पुरा व्हायच्या आत कंपनीचं उत्तर आलं. माझ्या पत्रात उत्तरासाठी घरचा पत्ता होता, पण दुकानाचाही होता; कंपनीने उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाकलं, त्यामुळे ते पोचलं थेट बायकोच्या हातात.

ती वर आली तेव्हा तिच्या ओठांत सहा-सात टाचण्या होत्या. काम करताना ती टाचण्या ओठांत धरते आणि तोपर्यंत बोलत नाही. आमच्या संसारातली बरीच शांतता त्या टाचण्यांमुळे आहे. त्या दिवशी तिने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीत खोचली. मी प्रत्येक टाचणी मोजली. मग तिने पत्र माझ्यासमोर ठेवलं.

कंपनीच्या वकिलांनी लिहिलं होतं की आपल्या ‘विधी विभागा’चे पत्र पाहून आमच्या अशिलांना धक्का बसला आहे. ‘सोय’ हे कपाटांचं नोंदलेलं नाव आहे. सात दिवसांत पाटी उतरवावी, त्या नावाचे सर्व कागद नष्ट करावेत आणि लेखी माफी मागावी. कंपनीला आमच्या पाच बाय आठच्या दुकानाचा पत्ता जन्मात लागला नसता. मीच तो शिक्का मारून कळवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सातवा दिवस नेमका एक तारखेच्या आदल्या दिवशी संपत होता.

मी सगळं सांगितलं. मावशी, लॉज, टेम्पो, शिक्का. ती ऐकत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अकरा जणांना विचारलंत, हरकत आहे का म्हणून," ती म्हणाली. "मला विचारलंत?"

मी म्हटलं, तुला फाइल द्यायची होती, एक तारखेला.

"नाव माझं होतं," ती म्हणाली.

मग ती खाली गेली. थोड्या वेळाने मी मागोमाग गेलो तर तिने पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती आणि रॅक पुसत होती. नाव नकोच म्हणाली. सव्वीस वर्षं पाटी नसतानाच लोक येत होते, पुढेही येतील. ती हे इतक्या सहज म्हणाली की मला फार वाईट वाटलं. पाटीची ती कोरी मागची बाजू बघवत नव्हती.

कलमकाकांकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले की आपण फक्त ‘रजिस्टर आहे का’ एवढंच विचारलं होतं, पत्र लिहा असं काही सांगितलं नव्हतं, आणि याला साक्षीदार आहेत. मग त्यांनी तोडगेही दिले. ‘नवी सोय’ ठेवा. ‘अ-सोय’ ठेवा. नाहीतर नुसतं ‘दुकान’ ठेवा. दार लावून घेता घेता त्यांनी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असंही ऐकवलं. त्यांच्या बंडीचं एक बटण तुटलं होतं, ते वहिनींना सांगाल का, असंही दाराच्या फटीतून विचारलं.

उतारा सापडला तो भलतीकडेच. आमच्या इमारतीसमोर एक वकीलबाई राहतात. त्यांचा काळा गाऊन दर वर्षी बायकोकडे खालून दुमडायला येतो, कारण गाऊन बनवणाऱ्यांच्या मते सगळे वकील सहा फुटी असतात. त्या गाऊन न्यायला आल्या आणि पाटी उलटी का, असं त्यांनी विचारलं. बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणून मी बोललो. मी माझं पत्रही दाखवलं. ते वाचून वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. अशी कडक नोटीस आपल्यालाही लिहिता येत नाही म्हणाल्या. मला थोडं बरं वाटलं, पण बायकोकडे बघून मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. भाषेतला शब्द कोणी विकत घेऊ शकत नाही. एखाद्या मालावरची ओळखीची खूण म्हणून तो कोणाचा तरी होऊ शकतो, इतकंच. लोखंडी कपाटावर ‘सोय’ लिहिलं तर ती त्या कंपनीची. कपड्यांच्या याच कामात कोणी आधीपासून हे नाव लावून बसला असता तर पाटी उतरवायला आपणच सांगितलं असतं, म्हणाल्या. पण इथे बघायचं ते एवढंच, की पॅण्ट आखूड करायला आलेल्या माणसाला हे त्या कपाटवाल्यांचं दुकान आहे असं वाटेल का. शहरात वेगवेगळ्या कामांना हे नाव वर्षानुवर्षं लागलंय आणि कोणाचा घोटाळा होत नाही, असं दाखवता आलं तर फार बरं. "पण ते पुरावे गोळा करायला सहा महिने जातील," त्या म्हणाल्या.

मी वर धावलो. गुडघे दुखतात म्हणून जिना एकेक पायरीने चढणारा मी, दोन-दोन पायऱ्या चढून गेलो आणि दोन्ही फाइली आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. दहा खुलासे, तारखांसह, कामांसह, पुराव्यांसह. आवक क्रमांक एक ते दहा. वकीलबाईंनी पानं उलटली. सोळा वर्षं, बावीस वर्षं, एकतीस वर्षं. "हे कोणी गोळा केलं?" त्यांनी विचारलं. विधी विभाग असं मी म्हणणार होतो, पण बायको बघत होती.

बायकोने फाइल वकीलबाईंच्या हातातून घेतली, मावशीचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली की ही माणसं घाबरून लिहून देऊन बसलीत. हे असं वापरायचं नाही. आधी त्यांच्या घरी जायचं.

पुढचे दोन दिवस आम्ही दहा दारं फिरलो. ती पुढे, मी मागे. मी प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलायचं असं ठरलं होतं, "चूक माझी झाली," आणि ते वाक्य मी दहा वेळा बोललो. मावशीने ते ऐकून मला समोर बसवून जेवायला वाढलं आणि मी जेवत असताना शिव्या दिल्या. लॉजवाल्याने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. टेम्पोवाल्याकडे मात्र वाक्यावर भागलं नाही. बायकोने वाटेत निळा रंग आणि ब्रश घेतला होता. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी त्या टेम्पोवर पुढे आणि मागे ‘सोय’ हे नाव रंगवलं. पोरगी, जी आता कॉलेजात आहे, ती शेजारी उभी राहून ‘स’चं पोट जरा मोठं काढा म्हणून सांगत होती. चौतीस वर्षं मी शिक्के मारले, पण हाताने लिहिलेलं अक्षर लोकांनी थांबून बघितलं ते त्या दिवशी. वाईट काढलं होतं हे कबूल आहे.

फाइल वापरायला दहाही जणांनी आपणहून परवानगी दिली. वकीलबाईंनी कंपनीला उत्तर धाडलं आणि शेवटी लिहिलं की शंका असेल तर प्रत्यक्ष येऊन दुकान बघा. आणि एक तारखेला सकाळी खरोखरच कंपनीचे विधी अधिकारी आले. खरेखुरे विधी अधिकारी! गळ्यात ओळखपत्र, हातात चामड्याची बॅग. मला त्यांच्याशी कितीतरी बोलायचं होतं, पण बायकोने मला रॅकच्या मागे उभं केलं होतं.

दुकानात जागा नव्हती. बायकोने सगळ्यांना उद्घाटनाला बोलावलं होतं आणि दहापैकी सात जण आले होते. अधिकारी उंबऱ्यात, वकीलबाई मशीनच्या खुर्चीवर, बाकी सगळे बाहेर रस्त्यावर. पाटी अजून भिंतीकडे तोंड करून होती. अधिकाऱ्यांनी पाच बाय आठ जागेवर एकदा नजर फिरवली आणि घसा साफ केला. या नावामुळे ग्राहकांना हे दुकान कंपनीचं वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. लॉजवाला म्हणाला, बावीस वर्षांत एकाही माणसाने त्याच्याकडे खोलीऐवजी कपाट मागितलेलं नाही. मावशी म्हणाली, तिच्याकडे येणारा भूक लागली म्हणून येतो. अधिकाऱ्यांनी ते वहीत लिहून घेतलं, पण मान हलवली. सोय म्हटलं की लोकांच्या मनात आमचंच कपाट येतं, असं ते पुन्हा म्हणाले.

मागून टेम्पोवाला पुढे सरकला. मी त्याला तोपर्यंत बोलताना फारसा बघितला नव्हता.

"साहेब, तुमच्या गोडाऊनमधली कपाटं मीच पोचवतो," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली. टेम्पोवर सोय, आत सोय. तुमच्या लोकांनी कधी अडवलं नाही, गिऱ्हाइकाने कधी विचारलं नाही. मधे नाव पुसलं होतं तेव्हा मात्र तुमच्या गोडाऊनवाल्याने मला फाटकात अडवला. म्हणाला, तुझं नाव कुठे गेलं, आता मी ओळखू कसा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. अधिकाऱ्यांनी रस्त्यावर उभ्या टेम्पोकडे बघितलं, माझ्या हातच्या त्या वाकड्या ‘स’कडे बघितलं आणि बॅग बंद केली. मला रॅकच्या मागून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी वाजवल्याही, एक. दुसरी वाजवायच्या आत बायकोने बघितलं.

चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पाटीवर कामाचा उल्लेख असाच ठेवावा आणि एक हमीपत्र द्यावं, एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. हमीपत्रात लिहिलं होतं, ‘मी लोखंडी कपाटे तयार करणार नाही, विकणार नाही, तसेच तयार करण्याचा प्रयत्न करणार नाही.’ बायकोने ते गंभीरपणे दोनदा वाचून सही केली. मग तिने स्वतः स्टुलावर चढून पाटी लावली. मी स्टूल धरलं होतं.

आता पाटी वर आणि मी खाली, अशी परिस्थिती होती. दुकान चालू झालं, गर्दी होऊ लागली, कपड्यांच्या पिशव्यांची अदलाबदल होऊ लागली. मी बाल्कनीतून ते बघायचो आणि माझे हात शिवशिवायचे. तिथे साध्या आवक-जावक वहीची किती गरज होती! पण जायचं कसं? तिने बोलावलं नव्हतं आणि आपण होऊन जायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी एका दुपारी मी कागद घेतला. जावक क्रमांक सोय/१२. या वेळी मी तो नेहमीचा मसुदा लिहिला नाही. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, ‘तुला न विचारता तुझ्या नावाचं मी जे केलं त्याची मला लाज वाटते. दुकानात बसून पिशव्यांची नोंद ठेवायची माझी इच्छा आहे. तुझी हरकत नसेल तर कळव.’ शिक्का मारला नाही. पत्र खाली नेऊन मशीनवर ठेवलं आणि परत वर आलो.

तेव्हाच जिन्यात कलमकाका भेटले. हातात पिशवी. आमच्या दाराशी उभे राहून ते बेल वाजवत होते, गेल्या सव्वीस वर्षांच्या सवयीने. वहिनींना सांगा, बंडीचं बटण, तेवढं जरा घाईचं आहे, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की सोय आता खाली आहे आणि रांगेने आहे. हे वाक्य बोलताना मला जो आनंद झाला, तो मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

संध्याकाळी ती वर आली. ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे काही बोलली नाही. माझं पत्र टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. पत्रावर आडवं, कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने लिहिलं होतं :

‘हरकत आहे. तरी यावे.’

दुकान दहाला उघडतं. मी पावणेदहालाच नवी वही घेऊन पाटीखाली उभा होतो.